गुपितांची पुस्तके

गुपित छापून विकणारे पुस्तक ही, विचार केला तर, मोठी विलक्षण वस्तू आहे. पाकशास्त्राचे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना आपली कृती चार घरी पोहोचावी असे वाटते. गायनाचे पुस्तक लिहिणाऱ्या बुवांना आपली चीज चार कंठी बसावी असे वाटते. परंतु जादूच्या पुस्तकाचा लेखक जे सांगतो, ते जितक्या अधिक लोकांस कळेल तितके ते उणे होणार, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. आणि तरीही तो लिहितो, प्रकाशक छापतो, आणि आमच्यासारखे हौशी लोक पदरचे पैसे मोडून ते विकत घेतात. एका हाताने झाकायचे आणि दुसऱ्या हाताने उघडे करायचे, असा हा व्यवहार आहे. हातचलाखीच्या विद्येला तो शोभतो खरा!

अलीकडे या व्यवहारात व्हिडिओंची भर पडली आहे. ‘मुलाला जादू शिकायची आहे, पुस्तक घेऊ की व्हिडिओ दाखवू?’ हा प्रश्न वर्षातून चारदोन वेळा तरी मला विचारण्यात येतो. मी धंदेवाईक जादूगार नव्हे. दिवाळीच्या फराळानंतर किंवा लग्नघरी आदल्या रात्री मंडळी गोळा होऊन बसली म्हणजे पत्त्यांचे आणि नाण्यांचे चारपाच खेळ करून दाखवावेत, एवढीच माझी मजल. पण घरातल्या कपाटात या विषयाच्या पुस्तकांनी दोन फळ्या अडविल्या असल्यामुळे परिचित मंडळी मला अधिकारी समजतात. विचारणाऱ्यांना बहुधा एखाद्या पुस्तकाचे नाव हवे असते, आणि ते सांगणे अवघड नाही. परंतु त्या नावाआधी एक लहानसा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते: मुलाला गुपिते हवी आहेत, की जादू हवी आहे?

नुसत्या गुपितालाही मोल असते, हे आधी मान्य केले पाहिजे. कधी कधी ते मोल प्राणाइतके असते. इंग्लंडात केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने १५८४ साली ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकीण ठरवून गोरगरीब म्हाताऱ्यांना फासावर चढविण्याचा तो काळ. या बायकांच्या अंगी कसलीही अघोरी शक्ती नाही, हे स्कॉटला लोकांना पटवून द्यावयाचे होते. आणि ते पटविता पटविता त्याने जत्रेतल्या जादूगारांच्या युक्त्याही उकलून दाखविल्या. गोळी नाहीशी कशी होते, सुरी दंडात शिरल्यासारखी कशी भासते, कापलेले मस्तक ताटात ठेवल्याचा देखावा कसा उभा करतात, हे सारे त्याने सांगून टाकले. इंग्रजीत जादूच्या युक्त्या सविस्तर सांगणाऱ्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक होय. आणि ते लिहिण्यामागे करमणुकीचा हेतू मुळीच नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात हे काम अगदी आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन रिकाम्या हातातून अंगारा काढून दाखवितात, जिभेवर पेटता कापूर ठेवितात, मंत्र पुटपुटून होम पेटवितात. आणि लगेच सांगतात की अंगाऱ्याची गोळी बोटांच्या बेचक्यात दडविलेली होती, तूप म्हणून ओतले ते ग्लिसरीन होते आणि खाली पोटॅशियम परमँगनेट होते. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा राज्यात संमत झाला. गुपित फोडणे हा केवढ्या जोखमीचा उद्योग असू शकतो, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

परंतु येथेच दोन वाटा फुटतात. भोंदू बुवाचे पितळ उघडे पाडावयाचे असेल तर गुपित सांगताक्षणीच काम पुरे होते. तेथे हाताची सफाई थोडी कमी पडली तरी बिघडत नाही. चार माणसांना आनंद द्यावयाचा असेल तर मात्र गुपित कळले म्हणजे कामाला नुसता आरंभ झाला, असे समजावे. शिकाऊ माणसाची पुस्तके निवडताना हा भेद ज्याच्या ध्यानात राहील, त्याची निवड सहसा चुकणार नाही.

या भेदाची साक्ष जादूच्या इतिहासात जागोजाग सापडते. १८७६ साली ‘प्रोफेसर हॉफमन’ हे टोपणनाव घेऊन अँजेलो लुइस नावाच्या बॅरिस्टराने ‘मॉडर्न मॅजिक’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यावेळच्या रंगमंचावरील कितीतरी युक्त्या साद्यंत सांगून टाकल्या. अशा पुस्तकाने जादूगारांचा धंदा बसावा, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटच. त्यानंतरची पन्नास वर्षे ही रंगभूमीवरील जादूच्या मोठ्या भरभराटीची ठरली. दुसरे उदाहरण आपल्या पी. सी. सरकारांचे. माणसाला करवतीने कापण्याचा खेळ लंडनमध्ये सेल्बिट या जादूगाराने १९२१ साली प्रथम जाहीरपणे केला. पुढे तो किती जणांनी केला आणि किती ठिकाणी उकलून सांगितला गेला, याची गणती नाही. पस्तीस वर्षांनी, १९५६ साली, बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात सरकारांनी हाच खेळ यांत्रिक करवतीने केला. करवत थांबली, मुलगी मात्र उठेना. इतक्यात वेळ संपली म्हणून कार्यक्रम आटोपता घेण्यात आला. मुलगी खरोखरच मेली, या समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी बीबीसीच्या कार्यालयात खणखणू लागले! गुपित जुनेच होते. नवे होते ते सरकारांचे. आणि ते कोणत्याही पुस्तकाच्या ‘साहित्य व कृती’ या सदरात मावणारे नव्हते.

श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टांत दिला आहे. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढत जाणारा मायावी लोकांना दिसतो. पण खरा मायावी त्याहून निराळा, तो भूमीवरच उभा असतो. आचार्यांना त्यातून ब्रह्मविचार सांगावयाचा होता. पण मला तो दृष्टांत जादूच्या पुस्तकांनाही लावावासा वाटतो. पुष्कळशी पुस्तके दोरीवर चढणाऱ्याचीच हकीकत सांगतात. जमिनीवर उभ्या असलेल्याची ओळख करून देणारी थोडी, आणि तीच निवडून काढावयाची असतात.

एक घरगुती उदाहरण घेतो. एकवीस पत्त्यांचा खेळ ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच असेल. पत्ते सातसातांच्या तीन ओळींत मांडावयाचे, समोरच्याने मनात धरलेला पत्ता कोणत्या ओळीत आहे ते विचारावयाचे, ती ओळ मध्ये ठेवून पत्ते उचलावयाचे. असे तीनदा केले की तो पत्ता अकरावा येतो. रेल्वे स्टेशनावर मिळणाऱ्या ‘शंभर जादू’ छापाच्या चोपड्यांत हा खेळ चार ओळींत उरकलेला असतो. त्यात एक अक्षर खोटे नसते, आणि तरी त्यावरून खेळ करणारा मुलगा तिसऱ्यांदा पत्ते मांडू लागला की काका वर्तमानपत्र उचलतात आणि मावशी दुधाकडे पाहावयास जाते.

चांगले पुस्तक याच खेळाशी घटकाभर बसते. समोरच्या माणसाने तीनतीनदा पत्ते पाहत का बसावे, असे ते विचारते. त्या वेळात तुम्ही काय बोलणार? पत्ता अकरावा आहे म्हणून एक-दोन-तीन असे मोजत गेलात तर हे गणित आहे, हे लहान मूलही ओळखील. मग तो कसा प्रकट करणार? सगळे पत्ते पालथे पसरून, त्यांपैकी काही काही समोरच्याकडून बाजूला काढवीत, शेवटी त्याच्याच बोटाखाली त्याचा पत्ता उरला तर? खेळाचे बीज तेच राहिले. पण आता काका वर्तमानपत्र खाली ठेवतात. पुस्तक हाती घेतल्यावर मी पहिल्याने पाहतो ते हेच. युक्ती सांगून झाल्यावरही लेखकाला पुढे काही बोलावयाचे आहे की नाही? नसेल, तर तो गुपितांचा व्यापारी; त्याला दुरून नमस्कार.

या कसोटीला उतरणारी पुस्तके थोडी आहेत आणि सुदैवाने ती दुर्मिळ नाहीत. पत्त्यांसाठी ह्युगार्ड आणि ब्राऊ या जोडीचे ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ मी प्रथम सुचवितो. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेले हे पुस्तक अजून जुने झालेले नाही. त्याची खुबी त्याच्या क्रमात आहे. पहिलाच पाठ पत्ते पिसण्याचा. आणि तेवढ्या पिसण्याच्या बळावर करता येतील असे खेळ त्याच पाठाच्या शेवटी दिलेले. शिकलेले लगेच वापरावयाचे, आणि वापरून पक्के झाल्यावाचून पुढे जावयाचे नाही. आपल्याकडे बाराखडी झाल्यावर जोडाक्षरे येत, तशी ही रीत आहे. अधिक विस्तार हवा असेल त्याने रोबर्टो जोब्बी या स्वित्झर्लंडच्या लेखकाचे ‘कार्ड कॉलेज’ घ्यावे. त्याचे पाच खंड आहेत. पण शिकाऊ माणसाला पहिला खंड वर्षभर पुरतो. नाण्यांसाठी बोबो यांचे १९५२ चे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ आहे, आणि पत्ते, नाणी, दोऱ्या, रुमाल अशी सगळ्याचीच चव पाहावयाची असेल तर मार्क विल्सन यांचा १९७५ सालचा ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’ हा सचित्र ग्रंथ उत्तम. ज्या मुलाची बोटे अजून पत्त्यांच्या कॅटाला पुरत नाहीत, त्याच्यासाठी कार्ल फुल्व्ह्ज यांचे ‘सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स’ आहे. त्यातले खेळ हातचलाखीवाचून, केवळ मांडणीच्या आणि गणिताच्या जोरावर होतात. कोणी त्यांना हलके समजतात. मला तसे वाटत नाही. हात मोकळे राहिले म्हणजे मुलाचे लक्ष समोरच्या माणसाकडे जाते, आणि जादू शेवटी त्या माणसाच्या मनातच घडावयाची असते.

कीर्तीवर मात्र भुलू नये. १९०२ साली निघालेले एर्डनेसचे ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ हा या विद्येतला मोठा आकरग्रंथ. त्याचा कर्ता वस्तुतः कोण, याचा निर्णय आजही लागलेला नाही. डाय व्हर्नन यांच्यासारखा ज्येष्ठ जादूगार आयुष्यभर त्याचे मनन करीत राहिला. पण नवशिक्याच्या हाती ते देणे म्हणजे मुळाक्षरे गिरविणाऱ्याला ज्ञानेश्वरीचा अर्थ लावावयास बसविणे होय. ते पुढे आहेच; कोठे पळून जात नाही.

आणखी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी, ती म्हणजे चित्रे. हात कोणाच्या बाजूने काढले आहेत? खेळ करणाऱ्याला स्वतःचे हात दिसतात तसे काढले असतील, तर चित्रासमोर आपला हात धरून ताडून पाहता येतो. प्रेक्षकाच्या बाजूने काढले असतील तर उजव्याचे डावे करीत बसण्यात निम्मी संध्याकाळ जाते. अमेरिकेत १९२६ पासून टपालाने जादूचे पाठ पाठविणारे हार्लन टार्बेल स्वतःच चित्रकार होते, आणि त्या पाठांचे यश त्यांच्या रेषांत पुष्कळसे होते, असे ती पाने चाळताना वाटते.

येथे कोणी म्हणेल, चित्राऐवजी हलता हातच पाहावयास मिळत असेल तर पुस्तकाचा एवढा खटाटोप कशाला? आक्षेप खोटा नाही. पुस्तकाला लय दाखविता येत नाही. डाव्या हातातले नाणे उजव्या हातात घेतल्याचा आविर्भाव करावयाचा आणि ते डाव्यातच ठेवावयाचे, ही क्रिया कागदावर दहा ओळी खाते. प्रत्यक्षात ती श्वासाइतकी सहज असली पाहिजे. ती सहजता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तेथे व्हिडिओचे उपकार मोठे आहेत. जो हात पूर्वी गुरूच्या घरी राहूनच पाहावयास मिळे, तो आज खेड्यातल्या मुलालाही पाहावयास मिळतो.

पण व्हिडिओ फार देतो, हीच त्याची अडचण आहे. तो युक्तीबरोबर शिकविणाऱ्याचे हसू देतो, त्याचा विनोद देतो, त्याचे थांबणेही देतो. आणि शिकणारा ते सगळेच्या सगळे उचलतो. माझ्या एका भाच्याने आपल्या आजीसमोर पत्ते पसरून अस्सल अमेरिकन घाटात ‘पिक अ कार्ड, एनी कार्ड!’ अशी आरोळी ठोकली. आजी म्हणाली, “बाळ, काय हवंय ते मराठीत सांग, म्हणजे देते.” त्याच भाच्याला पुढे मी इंग्रजी पुस्तक दिले. त्यातली वाक्ये मराठीत जशीच्या तशी येईनात. मग त्याला स्वतःच काहीतरी जुळविणे भाग पडले. त्याने चार रंगांच्या राण्यांना चार जावा केले आणि बदामची राणी माहेरी गेल्याची गोष्ट रचली. आजी ती गोष्ट ऐकत असताना पत्ता केव्हा नाहीसा झाला हे तिला कळलेच नाही. पुस्तकातल्या उणिवेमुळेच त्याला आपली बतावणी सापडली. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेली माणसे मराठी घरांतून अजून भेटतात. युक्त्या त्यांना आठवत नाहीत, पण त्या संध्याकाळची हकीकत सांगताना त्यांचा चेहरा खुलतो.

दुसरे असे की, कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि तो समोर रोवलेला असतो. पडद्यावर मोठे नवल वाटणारे कित्येक खेळ त्या एका डोळ्यासाठीच रचलेले असतात. आपल्या ओसरीवर डाव्या अंगाला आत्या बसलेली असते, आणि चार पोरे पाठीशी उभी असतात. म्हणून व्हिडिओ निवडताना मी पाहतो की शिकविणारा हात मागूनही दाखवितो का. खेळ कोणत्या कोनातून फुटतो ते सांगतो का. आणि खेळ प्रथम सलग, न थांबता, जिवंत माणसापुढे करून दाखवितो का. तसे असेल तर खुशाल पाहावे; पण आधी पुस्तकातला पाठ आपल्या हाताने करून पाहावा, आणि मग लय सुधारण्यासाठी पाहावे. सर्वांत उपयोगी व्हिडिओ तर विकत मिळतच नाही. तो आपणच आपल्या मोबाइलवर घ्यावयाचा. आरशासमोर सराव करताना नेमक्या लबाडीच्या क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात. मोबाइलला भीड नसते, तो सगळे टिपून ठेवतो.

मोठ्यांच्या बाबतीतही सरावावाचून सुटका झालेली नाही. फ्रान्समधील रॉबेर-हूदँ या थोर जादूगाराने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, घड्याळे दुरुस्त करण्याची विद्या शिकत असताना त्याने घड्याळशास्त्राचा ग्रंथ मागितला आणि पुस्तकविक्रेत्याने चुकून त्याच्या हाती जादूच्या खेळांचे पुस्तक दिले. ही हकीकत सर्वांच्या तोंडी आहे. तिच्या पुढचा भाग मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुस्तकाने गुपिते दिली, पण हात कसे चालवावेत ते दिले नाही. तेव्हा त्याने एका कसरतवाल्याकडून गोळे झेलण्याची शिकवणी घेतली, आणि पुढे कोटाला मोठे खिसे शिवून घेऊन रस्त्याने चालतानाही आत पत्त्यांचा आणि नाण्यांचा सराव चालू ठेवला. पुस्तक चुकून हाती आले असेल. ते खिसे मात्र चुकून शिवले गेले नव्हते.

आता राहिली एक शंका, आणि आईबापांच्या तोंडून ती क्वचितच येत असली तरी मला ती सर्वांत खरी वाटते. गुपित कळले की मुलाचे आश्चर्य मरते. ते मारणारे पुस्तक त्याच्या हाती द्यावेच का? मी लहान असताना आमच्या गावच्या आठवडे बाजारात एक गारुडी येत असे. तीन लहान वाट्या, त्यांच्या पाठीवर पकडण्यापुरती एकेक गाठ, आणि चिंध्यांच्या चार गोळ्या, एवढाच त्याचा पसारा. मातीवर बसून, आजूबाजूला माणसांचे कडे असताना, तो त्या गोळ्या नाहीशा करी आणि भलत्याच वाटीखाली काढी. पुढे पुस्तकातून मला त्या खेळाचे मर्म कळले. त्यानंतरच्या बाजाराला मी मुद्दाम अगदी पुढे जाऊन बसलो. गोळी केव्हा बोटांत राहते ते मला ठाऊक होते, कोणत्या क्षणी पाहावे तेही ठाऊक होते. आणि तरी त्या क्षणी त्याने मान वर करून माझ्याकडे असे काही पाहिले, की मीही त्याच्याकडेच पाहिले. वाटी उचलली तेव्हा गोळी तिच्याखाली होती. माझे पहिले आश्चर्य खरोखरच गेले होते. पण त्याच्या जागी जे आले ते मी आजतागायत जपून ठेवले आहे. पूर्वी मला गोळीचे नवल वाटे. त्या दिवसापासून त्या माणसाचे वाटू लागले.

जादूचे चांगले पुस्तक मुलाला हा बदला देते. ते एक आश्चर्य हिरावून घेते आणि त्याच्या मोबदल्यात श्रमांविषयीचा आदर हाती ठेवते. जे पुस्तक किंवा जो व्हिडिओ केवळ हिरावून घेतो, आणि ‘एवढेच होय!’ या दोन शब्दांवर मुलाला सोडून देतो, तो फुकट मिळाला तरी महाग आहे. वीसपंचवीस युक्त्यांची उकल एका बैठकीत पाहून उठलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर मी तो भाव पाहिला आहे. सर्कशीच्या तंबूत मागच्या दाराने शिरलेल्या माणसासारखा तो दिसतो.

म्हणून माझे उत्तर थोडक्यात असे असते: एक पुस्तक, पत्त्यांचा एक कॅट, आणि पहिल्या सहा महिन्यांत तीन खेळ. व्हिडिओ त्यानंतर. आणि एखादे मूल ‘हे कसे केले?’ म्हणून माझ्याच मागे लागले, तर मी त्याला गुपित सांगत नाही आणि नाहीही म्हणत नाही. कपाटातून पुस्तक काढून त्याच्या हाती देतो. पान मात्र सांगत नाही. जादूगारांत गमतीने म्हणतात की गुपित सुरक्षित ठेवावयाचे असेल तर ते पुस्तकात छापून टाकावे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. चार दिवसांत पुस्तक परत आले, तर मुलाला युक्तीच हवी होती आणि शोधण्याचा कंटाळा आला, असे मी समजतो. त्यात त्याचा काही दोष नाही. महिनाभराने, कोपरे दुमडून आणि मध्ये एखादी चौकट सातची खूण म्हणून राहून ते परत आले, तर मला बरे वाटते. काही वेळा ते परत येतच नाही. माझ्या फळीवरचे ‘रॉयल रोड’ आजवर तीनदा नवे आणावे लागले आहे, आणि त्या खर्चाची नोंद ठेवण्याची मला कधी गरज वाटली नाही.